ढेकळातून गेलेला बिनतारी ट्रक

रिसोडच्या बसस्टँडमागे गोविंदा मिस्त्रीचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती बैलगाडीत घालून तिथं आणायचे. आतली काळी पडलेली तार खरवडून काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे तिथलं काम. १९७८चा जानेवारी होता. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, त्यामुळं दुकानात मोटरींची रांग लागलेली. अशा एका दुपारी एक उंच, वाळका म्हातारा दारात येऊन उभा राहिला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर पोतं. पोत्यात काहीतरी खडखडत होतं.

आत एक बाई पायांत मोटरीचं कवच धरून बसली होती. खाचेत तार दाबत ओठांतल्या ओठांत मोजत होती.

“बाई, मिस्त्री कुठी हाय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

बाईनं वर न पाहता एक बोट उभं केलं. शेवटचा वेढा दाबला, खडूनं फरशीवर आकडा लिहिला आणि मग म्हणाली, “मोटर भरणारा मिस्त्री पायजे का गोठी सांगणारा? गोठी सांगणारा थो पाहा, खाटेवर बसला हाय. मोटर भरणारी मी हाय.”

खाटेवरचा म्हातारा गोविंदा मिस्त्री खो खो हसला. “खरं हाय बापा. मी निसता गोठीच सांगतो आता.”

ही बाई म्हणजे वच्छला देवमन पडघान. माहेर रिठदचं. छप्पन साली तिचा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि घरात पाऊल टाकता टाकताच म्हणाला, “पोरगी आता लोकांची ढोरं राखनार नाई. शाळेत जाईन.” वच्छला तेव्हा बारा वर्षांची घोडी झालेली, वर्गात बसली तर बाकीची पोरं तिच्या काखेखालून फळा बघायची. पण ती सातवीपर्यंत रेटून शिकली. मग रिसोडच्या देवमनशी लग्न झालं. देवमन वीज मंडळात खांब उभे करायच्या कामावर होता. घर चालवायला हातभार म्हणून वच्छलानं गोविंदा मिस्त्रीच्या दुकानात झाडलोटीचं काम धरलं.

त्याच सुमाराला मिस्त्रीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरू लागला होता. मिस्त्रीनं कुणाला सांगितलं नव्हतं. तार मोजताना चूक व्हायची, आठ दिवसांत मोटर पुन्हा जळून यायची आणि गिऱ्हाईक शिव्या देऊन जायचं. एकदा वच्छला झाडता झाडता म्हणाली, “बाबा, एक्केचाळीस झाले. तुमी चाळीसच मन्ले.”

“तू झाडू मार ना!” मिस्त्री खेकसला. पण मनात पाल चुकचुकली. त्यानं अख्खी कॉइल उलगडून पुन्हा मोजली. एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी वच्छला आली तर झाडू जागेवर नव्हता. मिस्त्रीनं तो माळ्यावर फेकून दिला होता आणि आपल्या शेजारी एक पाट मांडून ठेवला होता.

त्याला आता नऊ वर्षं झाली होती. मिस्त्रीला उजेड-अंधार तेवढा कळायचा. मोटर भरायची वच्छला. मिस्त्री खाटेवर बसून चालू मोटरीचा आवाज ऐकायचा आणि सांगायचा, बेअरिंग रडते का तार. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. दुकानातल्या माठातलं पाणी बाईनं भरलंय म्हटल्यावर काही जण तहानलेलेच परत जायचे. पण त्यांच्याच विहिरीचं पाणी तिनं भरलेली मोटर रानात चढवत होती, आणि ती मोटर दोन-दोन उन्हाळे जळत नव्हती. हळूहळू माठही रिकामा होऊ लागला.

तर त्या दुपारी म्हाताऱ्यानं खांद्यावरचं पोतं उतरवलं आणि फरशीवर ओतलं. निळ्या प्लास्टिकचे तुकडे, वाकलेला पत्रा, चार बारकी चाकं, एक तारांचा गुंता आणि काडेपेटीहून जरा मोठी अशी एक डबी. डबीला लांब चकचकीत दांडी होती, मधून मोडलेली.

“हे काय हाय?” वच्छलानं विचारलं.

“टरक.”

“थे दिसते. पर चेंदला कोनं?”

“सोन्यानं.”

“सोन्या म्हन्जे नातू का?”

“बैल,” म्हातारा म्हणाला आणि त्याचा चेहरा असा पडला, की वच्छलाला आलेलं हसू तिनं पदरात दाबलं.

म्हाताऱ्याचं नाव भाऊसिंग आडे. रिसोडपासून दोन कोसांवरच्या तांड्यात राहायचा. ऐन उमेदीची पंधरा वर्षं त्यानं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाण्यात घालवली. कारखान्याचा ट्रक तांड्यावर यायचा, भांडी-कुंडी, बायका-पोरं, कोंबड्या सगळं पाठीमागं भरायचं आणि दोन दिवस हाडं खिळखिळी करत जायचं. भाऊसिंग मात्र ट्रकच्या टपाला धरून उभा राहायचा आणि केबिनच्या मागच्या जाळीतून ड्रायव्हरचे हात पाहायचा. आपल्याला एकदा तरी असा ट्रक हाकता यावा, हे त्याच्या मनात होतं. बोलला मात्र कधी कुणाजवळ नाही.

पण त्याचा मुलगा उदयसिंग लहानपणी त्याच्याच पायांशी झोपलेला असायचा. त्यानं ते पाहिलं होतं. उदयसिंग मोठा होऊन नेव्हीत खलाशी झाला. त्याची बोट कुठल्याशा परमुलखाच्या बंदरात लागली, तिथल्या दुकानात त्याला हा ट्रक दिसला. दिवाळीच्या सुट्टीत आला तो ट्रक ट्रंकेत कपड्यांत गुंडाळूनच. बापाच्या हातात डबी देऊन म्हणाला, “बापू, आता डायवर तुमी.”

ट्रक बिनतारी होता. डबीचा नि ट्रकचा धाग्याइतकाही संबंध नाही. खटका वर केला की ट्रक सरळ पुढं निघायचा. डबीवरचं बटन दाबलं की वळत वळत मागं यायचा. बटन सोडलं की पुन्हा पुढं. एवढंच. पण तांड्याच्या लेखी जादू होती ती. “हे वायरलेस हाय, पोलीस धरून नेतीन,” असंही कुणी म्हणालं. भाऊसिंग सगळ्यांना सांगायचा, “नातवांसाठी आनला पोरानं.” आणि नातवांना हात लावू द्यायचा नाही.

“पर बाई,” भाऊसिंग सांगत होता, “टरकची चाकं अशी, मन्जे वाटान्यायेवढी. आमच्या तांड्यात सारवलेली जमीन सोडली तं सपाट जागा हाय कुठी? घरातल्या घरात चालवून चालवून कटाळा आला. एक दिवस आंगनात नेला. बैलाच्या खुराचा खड्डा होता, त्यात पुढचं चाक बसलं. मी बटन दाबून राह्यलो, टरक घुर्रऽऽ करून राह्यला, अन् तितक्यात सोन्या पानी प्यायला निंगाला.”

“मंग?”

“मंग काय. माह्या डोयापुढं पाय देला. बायको काय मन्ली माहीत हाय? मन्ली, बैलाच्या पायात काच गेली नाई हे नशीब समजा.” त्यानं एक बारकं चाक उचलून बोटानं फिरवलं. “वाशीमले एका रेडिओवाल्याले दाखवला. थो मन्ला, बुढ्या, हे खेळनं हाय, फेकून दे.”

गोविंदा मिस्त्रीनं खाटेवरून हात पुढं केला. वच्छलानं ट्रकचे तुकडे एकेक करून त्याच्या तळहातावर ठेवले. त्यानं ते चाचपले, बोटांनी दातेरी चाकं फिरवून पाहिली, बारकी मोटर कानाशी नेऊन हलवली. “वच्छले, मोटरच हाय गं ही. इहिरीवरच्या मोटरीची नात.”

“मले रेडिओ येत नाई,” वच्छला भाऊसिंगला म्हणाली. “मोटर येते. ठेवून जा. पर गव्हाचं पानी होऊ द्या, मंग हात लावीन.”

तिनं हात लावला तो दुसऱ्याच दिवशी. मोठ्या मोटरीचं वार्निश वाळेपर्यंत तास दोन तास मोकळे असायचे. त्या वेळात ती ट्रक घेऊन बसायची. बारकी मोटर उघडली तर आत बोराएवढं आर्मेचर आणि त्यावर केसासारखी तार. तिनं ती उलगडत मोजली, तेवढेच वेढे नवे घातले. मोटरीचा वाकलेला दांडा काढून त्याच्या जागी छत्रीच्या काडीचा तुकडा बसवला. सेलला जोडली तर मोटर माशीसारखी गुणगुणली. त्या आवाजानं वच्छलाला अशा काही गुदगुल्या झाल्या, की ती एकटीच हसत बसली.

“काय झालं व?” मिस्त्री म्हणाला.

“काई नाई बाबा. आपलीच मोटर, पर तयहातावर नाचून राह्यली.”

अडलं ते पुढं. मोटर चालत होती, पण डबीचं ऐकत नव्हती. ट्रकच्या पोटात पुस्तकाच्या पानाएवढी एक पाटी होती, तिच्यावर बारकं बारकं सामान. त्यातलं एकच तिला ओळखू आलं. एक कॉइल, बैलाच्या खुरानं सपाट झालेली. कॉइल म्हटल्यावर तिला भ्यायचं कारण नव्हतं. तिनं वेढे मोजून तशीच नवी केली, कथलाचा डाग देऊन जोडली. मोडलेल्या दांडीच्या जागी सायकलच्या चाकाची तार लावली. बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. चार दिवस ती बटन दाबत राहिली. पाचव्या दिवशी तिनं ट्रक खटका बंद न करताच बाजूला सारला, भिंतीला नाक टेकवून, आणि एक मोठी मोटर तपासायला घेतली. मोटरीचा लोखंडी खटका खाली ओढला, तशी नेहमीसारखी निळी ठिणगी पडली.

बाजूला पडलेला ट्रक आपोआप एक वीत मागं सरकला.

वच्छलाची मान गर्रकन वळली. तिनं खटका वर केला, खाली ओढला. ठिणगी. ट्रक पुन्हा मागं.

“बाबा! बाबा, थ्याले ऐकू येते!”

“कोनाले?”

“टरकाले! ठिनगी ऐकते थो! बहिरा नाई, त्याले फक्त डबीचा आवाज कयत नाई.”

मिस्त्री खाटेवर ताठ बसला. “मंग दोघायचा सूर लाव. आपण रेडिओचा काटा फिरवतो ना, टेशन लागेपर्यंत? तसंच असंन काही.”

कॉइलच्या मधोमध एक बारका पेच होता. पेचकस नेला की त्याच्या लोखंडानंच काहीतरी बिघडायचं. मग तिनं खराट्याची काडी तासून चपटी केली आणि त्या काडीनं पेच केसाकेसानं फिरवू लागली. डाव्या हातात डबी, उजव्या हातात काडी. एका जागी आल्यावर पाटीवरून ‘टक’ असा आवाज आला आणि चाकं उलटी फिरली. बटन सोडलं, सुलटी फिरली. संध्याकाळी देवमन कामावरून थेट दुकानात आला तेव्हा त्याची बायको गुडघ्यांवर रांगत ट्रकच्या मागं चालली होती आणि आंधळा मिस्त्री “डावीकडं गेला, डावीकडं!” म्हणून ओरडत होता.

निरोप गेला आणि भाऊसिंग धावतच आला. दुकानाच्या फरशीवर ट्रक दोनदा मागं-पुढं फिरला. त्याचा चेहरा असा उजळला, की वच्छलाला वाटलं, झालं, मिटलं. पण पोत्यात ट्रक भरताना त्याचे हात मंदावले.

“काय झालं, भाऊ?”

“काई नाई.” मग पोत्याचं तोंड बांधता बांधता, “बाई, हा ढेकळात नाई ना चालनार?”

वच्छलानं त्याच्या हातून पोतं ओढून घेतलं. “ठेवा इथीच. होळीपर्यंत येऊ नोका.”

आता हे काम दुरुस्तीचं राहिलं नव्हतं. विहिरीवरची मोटर भरताना ती जशी होती तशीच परत करायची असते; एक वेढाही जास्त चालत नाही. इथं पहिल्यांदाच तिला वाटलं तसं करायला मोकळं रान होतं. ती भाकरी थापताना ट्रकचा विचार करायची, विहिरीवर पाणी शेंदताना करायची. देवमनला तिनं शेतातून दोन टोपली काळी ढेकळं आणायला लावली आणि दुकानाच्या मागच्या अंगणात पसरली. “लोकं ढेकळं फोडतात, माही बायको गोया करून राह्यली,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण टोपल्या त्यानं मुकाट्यानं आणल्या.

सुताराकडून तिनं लाकडाची चार चाकं कातून घेतली, चांगली चहाच्या बशीएवढी. त्यांच्यावर सायकलचा जुना टायर कापून चढवला आणि टायरच्या पट्ट्या तिरप्या तिरप्या खिळवल्या, ट्रॅक्टरच्या चाकाला असतात तशा. निळा ट्रक त्या चाकांवर असा उंच उभा राहिला, की पायांत बाभळीच्या काठ्या बांधून चालणारा पोरगाच जणू. बारके सेल काढून टॉर्चचे चार मोठे सेल बसवले. मोटरीत जाड तार भरली. जाड तार, जास्त जोर, असा सरळ हिशोब.

फरशीवर ट्रक सुसाट सुटला आणि भिंतीवर आदळला. वच्छला खूश. ढेकळांवर ठेवला, तर नुसता गुणगुणत उभा राहिला. गुणगुण चढत गेली, मग धुराचा वास आला. तिनं झडप घालून सेल काढले तोवर मोटर जळून काळी झाली होती.

नऊ वर्षांत तिनं भरलेली मोटर पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांदेखत जळाली होती. ती उंबऱ्यावर जाऊन बसली.

“मी ऐकून राह्यलो होतो,” मिस्त्री म्हणाला. “लय पळत होती तुही मोटर. ओढत नव्हती.”

“म्हन्जे?”

“रहाट आठव. रहाट जाड असला तं बादली झटकन वर येते, पर हात मोडतात. बारीक असला तं येळ लागते, पर लेकरूबी पानी काढते. तुह्या मोटरीले लेकराचे हात हायेत. तिले बारीक रहाट दे.”

म्हणजे मोटरीनं खूप फिरावं आणि चाकानं हळू फिरावं. मधे चांगली दणकट दातेरी चाकं पाहिजेत. वच्छलानं मोडक्या गजराच्या घड्याळातली चाकं लावून पाहिली. पितळेचे दात दुसऱ्याच ढेकळाला गळून पडले. तिनं भंगारवाल्याकडं शोधलं, सायकलवाल्याकडं शोधलं. दोन दिवसांनी मिस्त्रीनंच विषय काढला.

“माळ्यावर एक पेटी हाय. माहा ग्रामोफोन. चावीचा.”

“थो तुमी कोनाले हात लावू देत नाई.”

“नाई देत. बायको गेल्यावर मीबी लावला नाई. त्याच्या चावीची कमान तुटून बारा वर्सं झाली. वाजत तं नाईच.” मिस्त्रीनं खाटेच्या दोरीवर बोटं वाजवली. “त्याच्या आत चाकं हायेत बग, पोलादाची. असा गान्याचा जड तवा फिरवत होती अन् सूर हालू देत नव्हती. काढ.”

वच्छलानं पेटी उतरवली तेव्हा मिस्त्रीनं एकदा तिच्या झाकणावरून हात फिरवला. मग स्वतःच तिला पेच सैल करायला सांगू लागला, आणि सांगता सांगता बायकोच्या आवडीच्या तव्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. मोटर पुन्हा भरली जाईपर्यंत त्या गोष्टी संपल्या नाहीत. ग्रामोफोनची चाकं ट्रकच्या पोटात बसली. त्याच्या तुटलेल्या कमानीची लांब पोलादी पट्टी होती, ती कापून वच्छलानं खऱ्या ट्रकला असतात तसे कमानपाटे केले. चाक ढेकळावर चढलं की पाटा दबायचा आणि धूड सरळ राहायचं. सेल पुढून काढून मधोमध खाली बसवले, म्हणजे नाक जड होऊन उलटायला नको.

होळीच्या तीन दिवस आधी ट्रक अंगणातल्या ढेकळांवर ठेवला. तो सावकाश, अगदी म्हशीच्या चालीनं, एका ढेकळावर चढला, दुसऱ्यावर उतरला, तिसऱ्यावर तिरपा झाला, सावरला आणि पार जाऊन कुंपणाला टेकला.

मिस्त्री नुसतं ऐकत होता. “आता ओढते,” म्हणाला. “आता कशी पोटातून बोलून राह्यली!”

धुळवडीच्या सकाळी भाऊसिंग बैलगाडी घेऊन तिघांना न्यायला आला. वच्छला, देवमन आणि हट्टानं निघालेला मिस्त्री. गाडीला सोन्या जुंपलेला होता. ट्रक वच्छलाच्या मांडीवर, फडक्यात बांधलेला. भाऊसिंगला तिनं अजून दाखवला नव्हता. तांड्यात रात्रभर होळी जागवलेली, डफ अजून वाजतच होते, बायकांच्या घागऱ्यांवरचे आरसे उन्हात चमकत होते. पाहुणे आले म्हटल्यावर सगळा तांडा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गोळा झाला. पुढं भाऊसिंगचं रान होतं. नुकतंच नांगरलेलं, डोक्याएवढी ढेकळं वर काढलेली.

वच्छलानं फडकं सोडलं. भाऊसिंगनं ट्रककडं पाहिलं, त्या चाकांकडं पाहिलं आणि एका चाकावरून हात फिरवला.

“हा माहा टरक नाई,” तो म्हणाला. “हा तं त्याचा बाप हाय!”

पहिला मान अर्थातच त्याचा. ट्रक नांगराच्या तासात ठेवला आणि डबी हातात घेतली. बटन दाबलं ते सोडेच ना. ट्रक वळत वळत मागं आला. सोडलं तर पुढं जाऊन पुन्हा त्याच ढेकळाला भिडला. परत दाबलं, परत गोल. पाऊण घटका ट्रक एकाच जागी फुगडी घालत होता. लोक हसू लागले. वच्छलानं वाकून चाकं, पाटे निरखले. यंत्रात खोट नव्हती, पण हे कुणाला सांगणार?

तेवढ्यात गर्दीतून एक ठेंगणी म्हातारी पुढं आली. भाऊसिंगची बायको, चतुराबाई. ट्रक चेंदला तेव्हा बैलाच्या पायाची काळजी करणारी तीच.

“आना इकडं,” तिनं डबी हिसकावली. “येवढं दाबतात का? टाका घालतो का पोतं शिवतो?”

चतुराबाईचं उभं आयुष्य कशिद्यात गेलं होतं. तिनं बटनाला नुसतं बोट टेकवलं आणि उचललं. ट्रक तसूभर मागं येऊन किंचित वळला आणि पुढं निघाला. पुन्हा एक टेक. आणखी जरासा वळला. ढेकळाच्या कडेनं निघून पुढच्या तासात उतरला. टेक, उचल. टेक, उचल. म्हातारी पापणी लववत नव्हती. डबीचा आवाज लांबवर पोचत नसे, म्हणून तिला ट्रकच्या मागं मागं जावं लागत होतं. ती घागरा सावरत नांगरटीतून चालली, तिच्यामागं भाऊसिंग, त्याच्यामागं वच्छला, आणि धुऱ्यावरून सगळा तांडा आडव्या वाटेनं.

रानाच्या त्या टोकाला दुसरा धुरा होता, गुडघाभर उंच, वर वाळलेलं गवत. ट्रकनं त्यावर पुढची चाकं टाकली, नाक आभाळाकडं केलं आणि घसरून खाली आला. सगळ्यांच्या तोंडून “अरारा!” निघालं. चतुराबाईनं त्याला मागं घेतलं, जरा तिरपं केलं आणि सोडलं. चाकं गवतात फिरू लागली, पाटे दबले, मोटरीचा आवाज जड जड होत गेला. वच्छलानं डोळे मिटून घेतले.

“चढला!” जवळच धुऱ्याच्या कडेला देवमनचा हात धरून उभा असलेला मिस्त्री ओरडला. “आवाज हलका झाला! चढला रे चढला!”

आंधळ्यानं सांगितल्यावर डोळस लोकांनी पाहिलं. ट्रक खरोखरच धुऱ्याच्या माथ्यावर उभा होता, गवताची काडी तोंडात धरल्यासारखी पुढच्या पत्र्यात अडकलेली.

मग काय विचारता! डफवाल्यांनी असा ठेका धरला, की भाऊसिंग पागोटं उडवून नाचू लागला. कुणी तरी वच्छलाच्या कपाळाला, गालांना, पार कानांच्या पाळ्यांपर्यंत गुलाल फासला. बायकांनी तिला मधे घेतलं, आणि आजवर फक्त मोटरीच नाचवलेली वच्छला त्यांच्या फेऱ्यात पाय टाकू लागली. देवमन लांबून बघून हसत होता. मिस्त्री मात्र चतुराबाईला शोधत होता. “थे डायवरीन कुठी हाय? तिले सांगा, बोटात जादू हाय तिच्या!”

“डायवर मी हाय!” भाऊसिंग नाचता नाचता ओरडला.

“तुमी क्लीनर!” चतुराबाई म्हणाली. तांडा त्यावर असा हसला, की भाऊसिंगलाही हसावंच लागलं.

दुपारी पुरणाची पोळी नि मटण असं दोन्ही झालं. निघताना चतुराबाईनं आपल्या हातचा कशिद्याचा बटवा वच्छलाच्या हातात कोंबला. त्यावर कवड्या आणि भिंगं. वच्छला नको म्हणू लागली, तर म्हातारी रागावली. “तुह्या हातचं आमी ठेवलं ना? मंग माह्या हातचं तू ठेव.”

त्या उन्हाळ्यात आसपासच्या तांड्यांतून मोटरी येऊ लागल्या. माणसं दारातूनच विचारायची, “टरकवाली मिस्त्रीन हाय का?” वाशीमच्या त्या रेडिओवाल्यानंही एकदा एक जळालेला ट्रान्सफॉर्मर भरायला पाठवला. हा माणूस तोच, हे वच्छलाला नंतर कळलं. तोवर काम चोख करून दिलेलं होतं.

मे महिन्यात चतुराबाई एकटीच रिसोडच्या बाजाराला आली आणि बाजार करायच्या आधी दुकानात शिरली. तिला ट्रकच्या मागं लावायला एक छोटी ट्रॉली पाहिजे होती.

“कायले?” वच्छलानं विचारलं.

“म्हातारा निंबाखाली बसून राह्यते अन् तमाखू आन, चुना आन, असा दिवसभर आरडते. म्या मन्लं, घरातूनच धाडत जाईन.”

वच्छलानं डालड्याचा डबा आडवा कापून तिला ट्रॉली करून दिली, दोन चाकांची. तेव्हापासून तांड्यात गेलेल्या माणसाला दुपारच्या वेळी दिसायचं, की आडेंच्या दारातून एक निळा ट्रक बाहेर पडतो आहे, अंगणातले खुरांचे खड्डे एकेक करून ओलांडतो आहे आणि त्याच्या मागच्या डब्यात तंबाखूची चंची डुलते आहे. चतुराबाई दारात उभी राहून बोट टेकवायची, उचलायची. निंबाखालचा भाऊसिंग चंची उचलून घ्यायचा आणि ट्रकचं तोंड आपल्या हातानं घराकडं वळवून द्यायचा.